कोरी जाग

बुधवारी सकाळी यामिनी भोयर पाळीवर आली, तिने संगणकाचा पडदा सुरू केला आणि आरंभ-यादी बघून तिचं डोकंच फिरलं. यादीत एकच नाव होतं. घाटे.

काल संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा नावं दोन होती. वर घाटे, खाली खोब्रागडे. तिने पडदा बंद करून पुन्हा लावला. हा उपाय सगळे करतात आणि त्याचा उपयोग क्वचितच होतो. आताही झाला नाही.

काचेपलीकडे पलंगावर देह झोपला होता. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाचा, रुंद खांद्यांचा, हनुवटीवर जुन्या जखमेची खूण असलेला देह. बुधवार म्हणजे त्या देहात आज निर्मला खोब्रागडे जाग्या व्हायच्या होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांची मुलगी प्रज्ञा डबा घेऊन येऊन बसलीही असणार. नऊ वर्षांत तिचा एक बुधवार चुकला नव्हता. आणि आज तिच्या आईला उठवायची सोयच कुणीतरी काढून टाकली होती, तीही कुणाला न सांगता.

नागपूरच्या दक्षिणेला, विमानतळाच्या पलीकडे उभ्या असलेल्या या सहदेह केंद्राची कल्पना कागदावर मोठी उदात्त होती. ज्यांचं शरीर संपलं पण मन शाबूत आहे, अशा माणसांची मनं उतरवून घ्यायची. आणि ज्यांचं मन संपलं पण शरीर शाबूत आहे, अशा एखाद्या दात्याच्या देहात ती वसवायची. देह मिळणं दुर्मीळ, मनं पुष्कळ, म्हणून एका देहात तीन मनं. कवटीच्या आत एक पातळ पापुद्रा बसवलेला असे, त्याला मनपट म्हणत. मनपटावर तीन कप्पे आणि दर कप्प्यात एक रहिवासी. बघायला, ऐकायला, बोलायला, चालायला मेंदू दात्याचा. विचार आणि आठवणी रहिवाशाच्या. एका वेळी एकच रहिवासी जागा राहू शकायचा. उरलेले दोघे पूर्ण बंद. त्यांना वेळ कळत नसे, स्वप्नंही पडत नसत.

कोण जागं होणार हे ठरवायचा आरंभक. मेंदूच्या देठाशी बसवलेलं तांदळाएवढं यंत्र ते. सकाळी आरंभक आधी मेंदूला जाग आणायचा, मग यादी पुढे करून पाच सेकंद थांबायचा. तेवढ्यात पाळीवरच्या अभियंत्याने एखाद्या नावावर बोट ठेवलं तर तो रहिवासी उठे, नाहीतर यादीतला पहिला. त्या पाच सेकंदांत डोळे उघडे असत, मेंदू जागा असे, पण आत कुणीच नसे. केंद्रातली माणसं त्याला कोरी जाग म्हणत.

कोऱ्या जागेत या देहाची एक खोड होती. उजवा पाय ताठ व्हायचा आणि टाच गादीवर रोवून पंजा पुढे दाबला जायचा, सगळा जोर लावून. रहिवासी आत आला की पाय सैल पडे. सुरुवातीला पलंगाच्या लोखंडी कडेवर दाबून दाबून पंजाला जखमा झाल्या, म्हणून पायथ्याशी रबराची जाड पट्टी ठोकली होती. ती झिजली की बदलायची, एवढाच त्यावर केंद्राचा विचार झालेला होता. प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असं संचालक डॉ. कारेमोरे म्हणाले होते आणि पुढे कुणी काही विचारलं नव्हतं.

यामिनी उठली आणि थेट कारेमोऱ्यांच्या खोलीत गेली. दार वाजवलं नाही.

"खोब्रागडेबाईंची नोंद कुठे गेली?"

कारेमोरे चहा पीत होते. साठीचे, नीटनेटके, कुणाशी आवाज चढवून न बोलणारे गृहस्थ. "आधी बसा. काहून एवढ्या तापून राहिल्या सकाळी सकाळी?"

"नोंद कुठे गेली, सर?"

"काल रात्री घाटेसाहेबांचं मन चालवणाऱ्या प्रणालीची नवी आवृत्ती बसवली. त्या गडबडीत काही इकडचं तिकडं झालं असेल."

हे ऐकून यामिनीला हसूच आलं असतं, इतकी ही थाप जुनी होती. कॉलेजात असताना तिच्याकडे एक लॅपटॉप होता, त्यात तिने तीन कार्यप्रणाली बसवल्या होत्या. त्यांतली एक भारी आगाऊ. नवी आवृत्ती आली की ती स्वतःला यादीत सगळ्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवायची आणि यामिनी चडफडत क्रम पुन्हा लावायची. बन्सीधर घाटे केंद्रात राहायला आल्यापासून तिला त्या लॅपटॉपची वारंवार आठवण होई. घाट्यांची प्रणालीही दर सहा महिन्यांनी नवी व्हायची, दर वेळी वर चढायची. आठवड्यातले दोन दिवस आधी त्यांचे होते, त्याचे आता सहा झाले होते.

"नवी आवृत्ती दुसऱ्याला खाली ढकलते, सर. काढून टाकत नाही. काढायला माणूस लागतो. कोण होता तो?"

कारेमोऱ्यांनी कप खाली ठेवला. "मंडळाचा निर्णय आहे. दर बदलाला देहावर ताण येतो. एकच रहिवासी ठेवला तर हाच देह बरीच वर्षं जास्त टिकेल."

"आणि तो एक कोण, हे कसं ठरलं?"

"घाटेसाहेब मंडळाचे अध्यक्ष आहेत," ते म्हणाले. यात आणखी काही सांगण्यासारखं आहे, असं त्यांना वाटत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही बाईंना मारलं."

"शब्द जपून वापरा." कारेमोरे पहिल्यांदाच ताठ झाले. "कुणी कुणाला मारलेलं नाही. बाईंचा कप्पा जसाच्या तसा आहे. त्यातलं अक्षर पुसलेलं नाही. रहिवासी पुसणं हा गुन्हा आहे हे मलाही कळतं. आम्ही फक्त यादीतली नोंद काढली, आणि नोंद काढणं हे व्यवस्थापन आहे."

"त्या कप्प्यात जायचा दुसरा रस्ता आहे का?"

"नाही. पण कप्पा आहे."

यामिनीच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली. "पहिल्या कप्प्यातले प्राध्यापक सोहोनी. मागच्या दिवाळीपासून ते उठले नाहीत. त्यांनी स्वतःच लांबची विश्रांती मागितली, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

कारेमोरे खिडकीबाहेर बघू लागले.

सोहोनींना जवळचं कुणी नव्हतं. त्यांच्यासाठी डबा घेऊन कुणी येत नव्हतं. त्यांची नोंद काढून वर्ष होत आलं आणि केंद्रात पानही हललं नाही. हे जमलं, म्हणून आता बाईंची पाळी. यामिनीला वाटलं, समोरचा कप उचलून भिंतीवर फोडावा. कप स्वस्तातला होता, पण तेवढ्याने भागणार नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "हे सगळं बाहेर बसलेल्या बाईला सांगा. माझ्याकडून ते सांगणं व्हायचं नाही."

"यामिनी, अकरा वाजता घाटेसाहेबांची सभा आहे. तुम्ही आधी त्यांना उठवा."

"तुम्ही येताय, का मी तिला इथे आणू?"

ती आणायला गेलीच.

प्रज्ञा खोब्रागडे पशुवैद्य होती. सावनेरकडच्या खेड्यापाड्यांत मोटरसायकलवर फिरून गाई-म्हशी तपासायची, आणि तिच्या बोलण्यात त्या कामाचा सरळपणा उतरला होता. मांडीवर डबा, पायाशी हेल्मेट. आई वनस्पतिशास्त्र शिकवायची. कर्करोगाने तिचं शरीर गेलं तेव्हा प्रज्ञाने बापाचं शेत विकून तिला इथे आणलं. आता दर बुधवारी एक दांडगा पुरुष खर्जातल्या आवाजात तिला "ये गं पोरी" म्हणायचा, केंद्राच्या बागेत हात धरून फिरवायचा आणि माळ्याला झाडांची नावं चुकीची लिहिल्याबद्दल झापायचा. पहिल्या बुधवारी तिला ते विचित्र वाटलं होतं. दुसऱ्या बुधवारपासून ती आईच होती.

एक गोष्ट मात्र बदलली होती. आईला रक्तदाब होता, घरात वर्षानुवर्षं अळणीच रांधलं जायचं आणि ती ते मुकाट्याने खायची. या देहात आल्यापासून डबा उघडला की पहिला घास घेऊन तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "मीठ कमी आहे गं." प्रज्ञाच्या हाताला जुनंच माप बसलेलं. शेवटी ती डब्याबरोबर मिठाची पुडी आणू लागली.

व्हायचं नाही म्हणाली होती, तरी यामिनीनेच तिला जे घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. प्रज्ञा उठली, डबा हातात घेऊनच आत आली आणि कारेमोऱ्यांच्या समोर उभी राहिली.

"माझी आई आहे का नाही?"

"आहे, आहे. अगदी सुरक्षित आहे."

"मग उठवा."

"उठवता येणार नाही. पण ती आहे."

"डॉक्टर, मी जनावरांची डॉक्टर आहे, जनावर नाही. मला कळेल असं बोला."

कारेमोऱ्यांना ते जमलं नाही. यामिनीनेच तिला नियंत्रण-खोलीत नेलं आणि पडद्यावर ते एकुलतं एक नाव दाखवलं. कारेमोरे मागोमाग आले.

"हे बघा ताई," यामिनी म्हणाली, "एका घरात तीन खोल्या आहेत आणि दाराशी एक पहारेकरी आहे. त्याच्याकडच्या यादीत जी खोली आहे तीच तो उघडतो. यादीत नसलेली खोली त्याच्या लेखी नाहीच. आतला माणूस जिवंत आहे का मेला, याच्याशी त्याला घेणं नाही. यांनी आईला खोलीतून काढलेलं नाही, यादीतून काढलंय."

"मग परत घाला यादीत."

"नवी नोंद घालायला मंडळाची मुद्रा लागते. ती यांच्याकडे आहे आणि हे ती देणार नाहीत." यामिनीने मागे न बघताच अंगठ्याने कारेमोऱ्यांकडे खूण केली.

"देऊ शकत नाही," कारेमोरे म्हणाले.

"आणि काढायला?" प्रज्ञाने विचारलं.

यामिनीने पडद्याकडे पुन्हा बघितलं. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसू होतं, पण त्यात आनंद नव्हता. "काढायला नाही लागत," ती म्हणाली. "काढणं म्हणजे व्यवस्थापन. ते पाळीवरचं कुणीही करू शकतं. हा नियम यांनीच करून घेतलाय, मागच्याच दिवाळीत."

"यामिनी," कारेमोऱ्यांचा आवाज बदलला. "यादी रिकामी झाली तर काय होतं, माहीत आहे ना?"

"तुम्हीच सांगा यांना."

"यादी रिकामी असली तर आरंभक स्वतः शोधफेरी काढतो. एकूण एक जागा तपासतो. जिथे मन सापडेल तिथली नोंद स्वतः लिहितो आणि जे सगळ्यात आधी वसलेलं सापडेल त्याला वर ठेवतो. निर्मात्यांनी अपघातासाठी ठेवलेली सोय आहे ती, देह कायमचा झोपून राहू नये म्हणून. पण आपण ती कधीच वापरलेली नाही. बसवतानाच बंद केली होती."

"बसवताना तर ती चालवायची असते," यामिनी म्हणाली. "आधीचं कुणी आहे का, ते बघायला."

"आधीचं कोण असणार? मनशून्य देह होता तो! उगाच वेळ कशाला घालवायचा? सगळी केंद्रं बंदच ठेवतात. सुरक्षित असतं ते."

यामिनीने घाट्यांच्या नावावर बोट ठेवलं.

"अहो, थांबा! घाटेसाहेब आहेत ते!"

"कुणी कुणाला मारत नाहीये, सर. त्यांचा कप्पा जसाच्या तसा राहील. अक्षरसुद्धा पुसणार नाही." तिने बोट दाबलं. "मी फक्त नोंद काढली."

यादी कोरी झाली. मग कारेमोरे फोनकडे धावले, आणि प्रज्ञा त्यांच्या आणि फोनच्या मधे जाऊन उभी राहिली. बिथरलेला बैल आवरणारी बाई ती. कारेमोऱ्यांनी हात मागे घेतला.

यामिनीने जागं करण्याची आज्ञा दिली. पडद्यावर अक्षरं उमटली: यादी सापडली नाही. शोधफेरी सुरू.

तिला हिशोब स्वच्छ दिसत होता. तीन कप्पे, तीन नोंदी. सर्वांत आधी वसले होते सोहोनी, मग बाई, मग घाटे. आरंभक सोहोनींना वर ठेवेल, पण पाच सेकंद थांबेल, आणि तेवढ्यात ती बाईंच्या नावावर बोट ठेवेल. यादी एकदा यंत्राने स्वतः लिहिली की मुद्रेचा प्रश्नच मिटला. उद्या मंडळ काय करायचं ते करो. आज बुधवार होता आणि बुधवार बाईंचा होता.

काचेपलीकडे देहाच्या पापण्या हलल्या. पडद्यावर नोंदी उमटू लागल्या. घाटे. मग त्याच्यावर खोब्रागडे. प्रज्ञाने हुंकार दिला. मग त्याच्यावर सोहोनी. यामिनीने बोट उचललं.

फेरी थांबली नाही. सोहोनींच्या वर आणखी एक ओळ उमटली.

मूळ कप्पा. नाव नाही.

"हे काय?" प्रज्ञा म्हणाली. "चौथं कोण?"

पाच सेकंद सुरू झाले. देहाचे डोळे उघडले. उजवा पाय ताठ झाला, टाच रोवली गेली आणि पंजा रबराच्या पट्टीवर दाबला गेला, इतका की पलंग करकरला.

यामिनीने तो पाय शेकडो वेळा पाहिला होता. आज तिने तो पहिल्यांदा बघितला. मूळ कप्पा मनपटावर नव्हता, तो खालच्या मेंदूत होता, ज्याला सगळे जण रिकामा म्हणत आले होते. दात्याच्या मेंदूच्या देठातला जाग आणणारा भाग तेवढा निकामी झाला होता. बाकी सगळं जागच्या जागी. माणूस उठत नव्हता, म्हणून यांनी ठरवलं की माणूस नाही. मग यांनीच त्याला नवा आरंभक बसवला, पण त्याला उठवायला नव्हे. त्याच्या घरात दुसऱ्यांना उठवायला. दर सकाळी त्या आरंभकाने मेंदू जागा केला आणि पाच सेकंदांसाठी तो उठला. आणि दर सकाळी कुणीतरी येऊन त्याच्यावर बसलं.

तिचं बोट खोब्रागडे या नावावर होतं. फक्त टेकवायचं होतं. शेजारी प्रज्ञा उभी होती. "दाबा ना," ती म्हणाली. "ताई, दाबा ना!"

यामिनीने दाबलं नाही.

सकाळपासून ती ज्याच्यावर ओरडत होती तेच तिला करायचं होतं. जो आहे त्याला नाही म्हणायचं होतं. तिचा हात तिथेच राहिला. पाच सेकंद संपले आणि यादीतली पहिली नोंद सुरू झाली.

देह झटक्यात उठून बसला. दोन्ही हात समोर गोल काहीतरी घट्ट धरल्यासारखे, पाय पट्टीवर तसाच दाबलेला. आणि तो ओरडला. आवाज तोच, प्रज्ञाच्या आईचा खर्ज, पण त्यातली बाई गेली होती.

"पोट्टे! अरे, पोट्टे उतरवा! लागून नाही राह्यला ब्रेक!"

यामिनी आणि प्रज्ञा दार ढकलून आत गेल्या. तो त्यांच्याकडे बघत होता, पण पाय काढत नव्हता. मांडीचा स्नायू थरथरत होता.

"झोपवा त्याला!" कारेमोरे दारातून म्हणाले. "यामिनी, झोपेचं औषध द्या. ती नोंद अधिकृत नाही. तो मनशून्य आहे, तसं प्रमाणपत्र आहे. सहा महिने उठला नव्हता तो!"

"गाय उठत नाही म्हणून ती मेली, असं आम्ही नाही लिहीत, डॉक्टर," प्रज्ञा म्हणाली. "आधी का उठत नाही ते बघतो."

"त्याला पुन्हा नोंदीतून काढलं तर कुणाचं काही जात नाही. आतापर्यंत होता तसाच राहील. कप्पा..."

"कप्पा म्हणालात तर याद राखा!" यामिनी इतक्या जोरात ओरडली की पलंगावरचा माणूसही दचकला. "नऊ वर्षं, सर! नऊ वर्षं हा रोज उठतोय आणि रोज ब्रेक दाबतोय. त्याला मिळालेले सगळे क्षण एकापुढे एक ठेवले तर त्याची जेमतेम एक दुपार होईल. एक आख्खी दुपार तो नुसता ब्रेक दाबून बसलाय, आणि आपण काय केलं? आपण रबर बदललं!"

कारेमोऱ्यांनी रबराच्या पट्टीकडे बघितलं.

"मॅडम," पलंगावरचा माणूस म्हणाला. घामाने निथळत होता. "काहीबी असो. पोट्टे उतरले काय? बावीस पोट्टे होते मागं."

यामिनीला उत्तर माहीत नव्हतं. दात्याचं नाव, गाव, अपघात, काहीही केंद्रातल्या कुणाला कळू द्यायचं नाही, हाही नियमच होता. खोलीत ते एकालाच माहीत होतं.

"सांगा त्याला," ती कारेमोऱ्यांना म्हणाली.

"गोपनीय..."

"सांगा!"

कारेमोरे दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्यांनी दात्याची कागदपत्रं स्वतः वाचली होती, त्याच्या भावाच्या संमतीवर साक्षीची सही स्वतः केली होती. मग सकाळपासून पहिल्यांदा ते त्या माणसाकडे बघून बोलले.

"शालिक नेवारे, उमरेड रस्त्यावर उतारावर तुमच्या शाळेच्या बसचे ब्रेक गेले. तुम्ही बस स्वतःच्या बाजूने कठड्यावर घातली. सगळी मुलं वाचली, शालिकराव. सगळी."

"समदे?"

"सगळी."

शालिक नेवाऱ्यांनी डोळे मिटले. मग त्यांचा उजवा पाय हळूहळू वर आला आणि पट्टीवरून बाजूला पडला. रबरावर पंजाचा खड्डा तसाच राहिला होता. प्रज्ञाने वाकून त्या पायाला हात लावला. जनावराचा पाय चाचपावा तसं तिने गुडघ्यापासून खाली दाबून बघितलं. मांडी दगडासारखी कडक होती.

"तुम्ही डॉक्टर?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "माझी आई आज यायची होती इथे."

त्यांना काही कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच. पण त्यांनी जरा सरकून तिला पलंगावर बसायला जागा केली.

बाहेर नियंत्रण-खोलीत फोन वाजत होता. घाट्यांच्या सभेची वेळ झाली असणार. यामिनी बाहेर आली, तिने फोन उचलून काढून ठेवला आणि पडद्यावरची यादी उघडली. चार नोंदी. वरच्या ओळीत नाव नाही असं लिहिलेलं होतं, ते खोडून तिने नेवारे असं लिहिलं. खालच्या तीन नोंदींना तिने हात लावला नाही. त्यांचं काय करायचं, हे आजवर अध्यक्षाने, मंडळाने, संचालकाने, तिने, सगळ्यांनी ठरवलं होतं. ज्याच्या डोक्यात ते राहत होते त्याला सोडून. आता त्याला विचारावं लागणार होतं. तो नाही म्हणाला तर निर्मलाबाई परत कधीच येणार नव्हत्या, आणि तो नाही म्हणाला तर त्याला कुणी बोल लावू शकणार नव्हतं. हे प्रज्ञालाही कळलं होतं. यामिनीने काचेतून बघितलं.

प्रज्ञा डोळे पुसत होती. शालिकरावांची नजर तिच्या मांडीवरच्या डब्याकडे गेली आणि त्यांनी लगेच ती दुसरीकडे वळवली, पण तिने ते पाहिलं.

"भूक लागली का?"

"नाही, तसं नाही..."

"खा. तुमच्याच पोटात जायचं होतं." तिने डबा उघडला. गोळाभात होता, अजून कोमट. आई उठली असती तर तिने आधी वास घेतला असता आणि मग चमचा मागितला असता. शालिकरावांनी हातानेच गोळा फोडला, भातात कालवला आणि पहिला घास घेतला. सावकाश चावला. मग ते जरा संकोचले.

"मस्त झाला हो, ताई," ते म्हणाले. "फक्त मीठ कमी आहे."

प्रज्ञा त्यांच्याकडे बघतच राहिली. नऊ वर्षं तिला वाटत आलं होतं की आईची जीभ बदलली. यामिनीला काचेतून आवाज ऐकू येत नव्हता. तिला एवढंच दिसलं, की प्रज्ञाने पर्स उघडली, आतून कागदाची एक छोटी पुडी काढली आणि ती उलगडून त्या माणसापुढे धरली.